चौकोनातलं आलं

१

धाकटे, अर्धांगाने आईंची वाचा गेली त्या आठवड्यात मी देवापुढे नवस बोलले, आणि तोही न बोलण्याचा. आई स्वतःच्या तोंडाने एक शब्द उच्चारतील त्या दिवसापर्यंत रोज दुपारी बारा ते तीन मी मौन पाळेन, असा. तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू खो खो हसलीस. "ताई, तुम्ही आणि तीन तास गप्प? देवालासुद्धा खरं वाटायचं नाही." यांनी तर कडीच केली. म्हणाले, "आईला सावकाश बरं होऊ दे. काही घाई नाही."

हसा, म्हटलं. माझं मागणं साधं होतं. या घरात वाचा एकीकडे उतू जातेय आणि दुसरीकडे टिपूस नाही. इकडची थोडी तिकडे जाऊ दे.

आता पुढच्या महिन्यात आई तुमच्याकडे यायच्या आहेत. भावोजींनी खोली रंगवून घेतली, पलंग आणला, सगळं कळलं. म्हणून हे लिहून पाठवते आहे. फोनवर सांगायला गेले तर तू मध्येच हसशील, मग मलाही हसू येईल, आणि सांगायचं ते राहूनच जाईल. एका बैठकीत वाच. दिवसाउजेडी वाच, असं म्हणणार होते. पण जे झालं ते सगळं भर दुपारीच झालं. तेव्हा केव्हाही वाच.

२

टॅब आणायला सांगितला तो स्पीचवाल्या बाईंनी. आठवड्यातून दोनदा येतात, आईंच्या गालाला, जिभेला व्यायाम देतात. त्या म्हणाल्या, "आजींना समजतं सगळं. बाहेर पडायला रस्ता नाही, एवढंच. आपण रस्ता देऊ." त्यांनी टॅबमध्ये चित्रांचे चाळीस चौकोन बसवून दिले. पाण्याच्या पेल्यावर बोट ठेवलं की टॅब म्हणणार "पाणी", उशीवर ठेवलं की "उशी". आईंचा डावा हात चांगला आहे, तेवढं त्यांना जमत होतं.

टॅबचा मूळचा आवाज मात्र असा होता, की जणू आपली गाडी चुकल्याचं कुणी जाहीर करतंय. आईंनी पहिल्यांदा ऐकला आणि तोंड फिरवलं. बाई म्हणाल्या, "घरच्या माणसाचा आवाज भरा." मग एका सकाळी पंखा बंद करून, दारं लावून, मी चाळीस शब्द बोलले. पाणी. औषध. थंडी. दुखतंय. दार. खिडकी. खुर्ची. बस. नको. हो. तेव्हापासून आई बोलल्या की घरात माझाच आवाज यायचा. हे म्हणाले, "एक होतीस ती कमी पडत होती म्हणून दुसरी भरून घेतली."

चहाच्या चौकोनाशेजारी मी आल्याचा चौकोन घातला. चहात आलं नसेल तर आई कप बाजूला सारतात, हे तुलाही ठाऊक आहे. त्यावरून आमचं भांडण झालं. यांचं सगळं आयुष्य छापखान्याची मुद्रितं तपासण्यात गेलेलं, त्यामुळे चौकोनाखालची अक्षरं यांनीच लिहिली. तिथे लिहिलं "आले".

मी म्हटलं, "अहो, आले म्हणजे मी आले असं वाटेल त्यांना."

"लेखी मराठीत आले हेच शुद्ध."

"आई लेखी आजारी नाहीत."

शेवटी यांनी कुरकुरत मात्रा खोडून वर टिंब दिलं. आलं. प्रश्न मिटला, असं आम्हाला वाटलं.

३

दोन महिने छान गेले. मग टॅब मंद झाला. आई पेल्यावर बोट ठेवायच्या आणि आम्ही वाट पाहायचो. आधी एखादा श्वास जाईल एवढा वेळ. नंतर मी "हं, बोल बाबा, बोल" म्हणेपर्यंत. मग तर पाणी आणून, पाजून, पेला विसळून ठेवला की मागून माझाच आवाज यायचा, "पाणी." आई रागावून पुन्हा पुन्हा बोट मारायच्या आणि मग सगळं एकदम बाहेर पडायचं, पाणी पाणी पाणी पाणी.

यांनी जगातला एकमेव उपाय केला: बंद करून चालू केला. मग जागा भरली असेल म्हणून फोटो पुसले. तुझ्या मुलाच्या वाढदिवसाचे सगळे व्हिडिओ गेले, हे तुला आजवर सांगितलं नव्हतं, माफ कर. मागे उघडे राहिलेले कार्यक्रम बंद केले. काच ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्या. चार्जरची वायर बदलली. एक दिवस नीट चालायचा, की पुन्हा तेच.

आईंची खोली मागच्या बाजूला आहे. खिडकी बोळात उघडते. पलंग खिडकीला लागून. आईंच्या डाव्या हाताला, भिंतीशी, ती रेक्झिनची खुर्ची. तू मागे बसली होतीस तीच. तिची गादी जुन्या फोमची आहे. बसलं की हुस्स करते, उठलं की हळूहळू श्वास घेत फुगते. सकाळ-संध्याकाळ मी तिच्यात बसून कपड्यांच्या घड्या घालते आणि आईंशी गप्पा मारते. बारा ते तीन मात्र त्या खोलीत थांबत नव्हते. आईंसमोर बसले की मला बोलल्याशिवाय राहवायचं नाही आणि नवस मोडायचा. म्हणून औषध देऊन मी स्वयंपाकघरात यायचे, तिथेच जप करायचे. हे पुढच्या खोलीत मुद्रितांवर वाकलेले. घर कसं निपचित असायचं.

अशाच एका दुपारी आईंच्या खोलीतून माझा आवाज आला, "आलं."

स्वतःचाच आवाज, तो आपण गप्प असताना ऐकणं फार विचित्र असतं गं. माझ्या हातातली माळ थांबली. मग हसू आलं. चहा हवा असणार. आलं ठेचलं, चहा केला, घेऊन गेले. आईंनी कपाकडे पाहिलंदेखील नाही. डाव्या हाताने माझं मनगट बाजूला सारलं, चहा चादरीवर सांडला. त्यांची नजर खिडकीवर होती. बोटाने त्यांनी टॅबवर दोनदा टोचलं. टॅब नेहमीसारखा गप्प. मी चादर बदलून स्वयंपाकघरात परत आले, तेव्हा कुठे मागून आवाज आला.

"खिडकी. आलं."

४

पुढचे पंधरा दिवस आईंना आल्याने झपाटलं होतं, असं आम्ही म्हणत होतो. दुपार झाली की सुरू. संध्याकाळी मी खोलीत घड्या घालत बसले, की एकदाही नाही. मी जास्त आलं घातलं, कमी घातलं, सुंठ घातली, किसून मधातून दिलं. सगळं परत.

एकदा टॅब म्हणाला, "दार. आलं." हे पुढच्या खोलीतून ओरडले, "दारावर कुणी आलंवाली आली का बघ!" मौनात होते म्हणून, नाहीतर मीही काहीतरी ठेवून दिलं असतं. पोट धरून हसले.

एका दुपारी मी दारातून डोकावले. आई गाढ झोपलेल्या, तोंड उघडं, हात छातीवर. बोट टॅबपासून हातभर लांब. आणि टॅब बोलला, "कपाट. आलं." मी तिथेच उभी राहिले. मनाला समजावलं: मागे दाबलेलं साठून राहिलं असेल, ते आता बाहेर पडतंय. पाण्याचं असंच व्हायचं की. बरोबर होतं ते समजावणं. तरी मी झोपलेल्या आईंकडे न बघता कपाटाकडे बघत होते, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅब पिशवीत घालून मी दुरुस्तीवाल्याकडे गेले. कोपऱ्यावरचं ते चिंचोळं दुकान, भिंतीवर मेलेले मोबाइल टांगलेले. तो कपाळावर भिंग बांधून बसलेला असतो, त्यामुळे त्याच्याशी बोलताना कुठल्या डोळ्याकडे बघावं कळत नाही.

त्याने बराच वेळ बोटं चालवली. मग म्हणाला, "मावशी, हा स्लो नाहीये. याच्यावर काम फार आहे."

"म्हणजे?"

"या चित्रांच्या ॲपमध्ये सगळी नोंद राहते, कुठला चौकोन किती वाजता दाबला त्याची. तुमच्या बाईंना बघता यावं म्हणून असते ती. हे बघा." त्याने काच माझ्याकडे वळवली. एकाखाली एक ओळी, संपेचनात. "एका दुपारी सहाशे वेळा दाबलंय. कुठलाही टॅब दमेल. आजींना आलं फार आवडतं वाटतं."

"सहाशे वेळा? एका हाताने?"

"तेच म्हणतो. आजींनी दाबलेलं नसणार. काच खराब झाली की तिला न दाबताच दाबल्यासारखं वाटतं. घोस्ट टच म्हणतात त्याला."

"असली नावं कशाला हो ठेवता?"

"आम्ही कुठे ठेवली? वरूनच आलं ते नाव."

मी ओळींवरून नजर फिरवत होते. बारा वाजून चार मिनिटं. बारा वाजून नऊ. दीड. अडीच. दोन पन्नास. आल्याची एकही ओळ तीन वाजल्यानंतरची नाही. खराब काचेला घड्याळ कळतं का, असं विचारावंसं वाटलं, पण लाज वाटली. त्याने नवी काच बसवली, नोंद पुसली. पुसण्याआधी यादी यांच्या फोनवर पाठवली, बाईंना दाखवायला. आणि शेवटी म्हणाला, "हा आल्याचा चौकोनच काढून टाकू का? भानगडच नको."

मी म्हटलं, "काढा."

माझ्या तोंडून गेलेला तो एक शब्द परत घेता आला असता, तर मी आयुष्यभराचं मौन घेतलं असतं.

५

टॅब पाण्यासारखा चालू लागला. बोट ठेवताक्षणी आवाज. हे खूश. आईंनी मात्र टॅब समोर आला तसं बोट थेट चहाशेजारी नेलं. तिथे पांढरी रिकामी जागा होती. त्यांनी ती दाबली. पुन्हा दाबली. मग माझ्याकडे पाहिलं. लहान मूल गर्दीत हात सुटल्यावर कसं बघतं, तसं.

मी म्हटलं, "आई, बिघडला होता तो चौकोन. चहात आलं मी आपणहून घालेन, तुम्ही सांगायची गरजच नाही."

त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्या दिवसापासून दुपारी नवंच सुरू झालं. "नको. नको. नको." मी धावत जायचे. आईंच्या कपाळाला घाम, नजर माझ्यावर नाही, भिंतीकडे. मग एक-एक करत बोट फिरवायच्या. माझ्या फोटोचा चौकोन: "सून." मग "बस." मग "खुर्ची."

म्हणजे मला खुर्चीत बसव, असंच ना? तुलाही तसंच वाटलं असतं. मी त्यांना काखेत धरून उठवू लागले, आणि धाकटे, आईंच्या घशातून असा आवाज आला, की पुढच्या खोलीतून हे लेखणी टाकून धावत आले. आईंनी चांगल्या हाताने पलंगाचा गज असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. आम्ही दोघांनी मिळून सोडवली.

"काय केलंस?" यांनी विचारलं. मी मौनासाठी जवळ ठेवलेल्या पाटीवर लिहिलं, "खुर्चीत बसवत होते." पावणेदोन वाजले होते. मौन मोडलं नव्हतं, त्याचंच त्या घटकेला मला मोठं कौतुक.

ते परत गेले. मी स्वयंपाकघरात येऊन पाणी प्यायले. आणि मागच्या खोलीतून रेक्झिनचा आवाज आला.

हुस्स.

कुणीतरी सावकाश, अंग टाकून बसल्याचा. मला वाटलं हेच आईंपाशी परत जाऊन बसले. बरं वाटलं. पेला पालथा घालून वळले, तर पुढच्या खोलीच्या दारातून यांची पाठ दिसत होती. टेबलाशी, मुद्रितांवर वाकलेली.

६

संध्याकाळी मी यांना म्हटलं, "ती यादी बघा ना जरा. बाई उद्या येतील."

यांनी ती कागदावर काढून घेतली. काचेवर वाचलेलं यांना वाचल्यासारखं वाटत नाही. पेन्सिल कानावरून काढली आणि सवयीने वरून खाली वाचायला लागले. मी शेजारी भाजी निवडत होते.

"खिडकी आलं. खिडकी आलं. नऊ दिवस नुसतं खिडकी आलं," हे म्हणाले. "प्रत्ययच नाहीत कशाला."

"चौकोनांना प्रत्यय कुठून येणार? नुसती चित्रं आहेत."

"तेच. वाचताना अडखळायला होतं." आणि यांनी हसत, छापखान्यातल्यासारखं, खिडकीच्या पुढे हंसपदाची खूण केली आणि वर बारीक अक्षरात "त" लिहिला. मग खालच्या ओळीत "दार"च्या पुढे. मग "कपाट"पुढे "जवळ". तीन-चार ओळी भराभर झाल्या.

मग पेन्सिल थांबली.

मी वाकून पाहिलं. खिडकीत आलं. दारात आलं. कपाटाजवळ आलं. शेवटच्या आठवड्यात, एकाच दुपारी, एकच गोष्ट सहाशे वेळा लिहिलेली होती. तिथे यांनी प्रत्यय लावला नाही. लावायची गरज उरली नव्हती.

खुर्ची आलं. खुर्ची आलं. खुर्ची आलं.

यांनी पेन्सिल परत कानावर ठेवली. मग हे म्हणाले, "आजारात माणसाला भास होतात. डॉक्टर म्हणालेच होते."

"हो."

"बोळात मांजर येत असेल एखादं."

"येत असेल."

"तू त्यांना चहा देत होतीस?"

"रोज," मी म्हटलं. "रोज आलं ठेचून."

हळू टॅब नव्हताच, धाकटे. आई पंधरा दिवस माझ्याच आवाजात ओरडून सांगत होत्या, आणि मी तो आवाज ऐकून चहा टाकत होते. आणि मग त्यांच्याकडे होता तोही एक शब्द मी काढून घेतला, भानगड नको म्हणून.

७

दुसऱ्या दिवशी बाराला मी आईंच्या खोलीत गेले आणि दार आतून लोटून घेतलं. बोलायचं नाही, पण बाहेरही जायचं नाही, असं ठरवलं होतं. यांना सांगितलं होतं, हाक मारली नाही तर येऊ नका. हे म्हणाले, "मौनात हाक कशी मारशील?" त्याचा विचार मी केला नव्हता.

ऊन होतं. बोळातून कुणाच्या तरी नळाचा आवाज येत होता. पंखा फिरत होता. मी पलंग आणि खुर्ची यांच्या मधे उभी राहिले, तोंड आईंकडे, खुर्ची पाठीमागे. चादर नीट करायचं निमित्त होतं. खरं सांगायचं तर खुर्चीकडे तोंड करून उभं राहायचा मला धीर झाला नाही. आत येताना ओझरतं पाहिलं होतं. रिकामी होती. फक्त गादी मधोमध दबलेली होती, आणि तिच्यात सकाळपासून कुणी बसलेलं नव्हतं.

वीसेक मिनिटं गेली असतील. आई जाग्या होत्या. माझ्या कोपराच्या बाजूने मागे पाहत होत्या, पापणी न हलवता. मी मनात जप करत होते. आपली बुद्धी किती गरीब असते बघ. मी स्वतःला सांगत होते, जुना फोम आहे, उन्हाने दबतो.

मग मागे आवाज झाला. हुस्स नव्हे, दुसरा. गादी सावकाश श्वास घेऊ लागली, तो.

आईंचं तोंड उघडलं. डावा गाल थरथरला, जीभ दातांना लागली, सुटली, पुन्हा लागली. सात महिने बाई जे करून घेत होत्या ते सगळं त्या चेहऱ्यावर मी एका क्षणात पाहिलं. आणि आई बोलल्या. स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या आवाजात, घोगरा, पण स्पष्ट.

"उठलं."

असा चौकोन टॅबमध्ये कधीच नव्हता.

माझा नवस फळला तो असा. मी तेव्हा रडले, की हात जोडले, काहीच आठवत नाही. आईंनी माझा पदर धरून मला मागे ढकललं, एवढं आठवतं. त्यांच्या अंगात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. बोट टॅबवर आपटलं. "सून. बस. खुर्ची." आणि त्या वेळी मला कळलं. त्या स्वतःला बसवायला सांगत नव्हत्या. कधीच सांगत नव्हत्या.

मी न वळता दोन पावलं मागे सरकले आणि बसले. नेहमी बसते त्यापेक्षा खोल गेले. गादी अजून पुरती वर आली नव्हती.

आईंनी टॅब माझ्या बाजूला फिरवला होता. त्याची काच विझून काळी झाली, आणि तिच्यात खोली दिसू लागली. आईंची उशी. पंख्याचं पातं. खुर्चीत बसलेली मी, डोक्यावरून पदर सुटलेली. माझ्यामागे पिवळी भिंत आहे, हातभर अंतरावर. काचेत माझ्या खांद्यांच्या दोन्ही बाजूंना ती पिवळी भिंत दिसायला हवी होती.

ती दिसत नव्हती.

मी नजर आईंच्या चेहऱ्यावर नेली आणि तीन वाजेपर्यंत हलवली नाही. थोड्या वेळाने आईंनी डोळे मिटले. टॅब दुरुस्त होऊन आल्यापासून त्या दुपारी झोपल्या नव्हत्या. त्या दिवशी घोरत होत्या.

८

आता आई सहा शब्द बोलतात. बाईंना नवल वाटतं. हे सगळ्यांना फोन करून सांगतात, पहिला शब्द कुठला होता ते मात्र सांगत नाहीत. मी त्यांना एकदा विचारलं, "तुमचा विश्वास बसला का?" म्हणाले, "विश्वासाचं बघू. सध्या मी बसतो." रोज बारा वाजता आमच्यातलं एकजण त्या खुर्चीत असतं. मी बसले की घड्या घालते, आता बोलतेही. हे बसले की मांडीवर फळी घेऊन मुद्रितं तपासतात. तीन महिने झाले, आई शांत आहेत. देव ज्या रीतीने देतो त्या रीतीने घ्यावं, असं मी मानते. त्याने आईंची वाचा परत दिली, आणि आम्हाला कान दिले. उशिरा दिले, पण दिले.

तू विचारशील, खुर्चीत एखादी वस्तू ठेवली तर? ठेवून पाहिली. घड्या घातलेल्या कपड्यांची टोपली ठेवून मी जेमतेम फोन घ्यायला गेले होते. परत आले तर टोपली जमिनीवर होती. पडलेली नव्हती. नीट उतरवून ठेवलेली होती, घडी न विस्कटता.

खुर्चीच नको, असंही म्हणशील. तेही केलं. हे ती उचलून पुढच्या खोलीत घेऊन आले. तीन दिवस. आल्याचा चौकोन मी परत भरून घेतला होता, माझ्याच आवाजात, रडत रडत. तिसऱ्या दुपारी आईंनी तो दाबला, आणि त्याच्याआधी दाबलं "उशी". हे खुर्ची घेऊन धावत आत गेले, तेव्हा आईंच्या डोक्याशेजारी उशीला खळगा पडलेला होता.

भावोजी म्हणत होते, तिकडे जागा बदलली की आईंच्या डोक्यातलं सगळं निघून जाईल. तसं होवो. मी रोज तेच मागते. पण तोवर एवढं कर. आईंच्या डाव्या हाताला, भिंतीशी, एक चांगली खुर्ची ठेव. आईंचं काहीही बोलणं झालं तरी पुरतं ऐक, आपल्या सोयीचं ऐकू नकोस. आणि बारा वाजले की हातातलं काम तसंच टाकून तिच्यात जाऊन बस, मी बसते तशी. पाठ टेकवून बस. मागे बघू नकोस, आईंकडे बघ. तुला बसलेलं पाहिलं की त्या हसतील, फार गोड हसतात आता. भावोजींनाही पाळी लाव.

खुर्ची रिकामी ठेवू नका गं.